फुप्फुसातील रक्ताच्या गुठळीवर तातडीच्या उपचारांसाठी निधी : आवाहन

सप्रेम नमस्कार.

मंडळाची रुग्णवाहिका ज्यांच्या दातृत्वामुळे रस्त्यावर आली, त्यांचे स्मरण केल्याशिवाय नवे काही मागणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी निवृत्तिवेतनाच्या थकबाकीची सगळी रक्कम, नावाचा फलक नको या एकाच अटीवर, मंडळाच्या स्वाधीन केली. बाजारपेठेतील व्यापारी बंधूंनी डिझेलचा खर्च कधी अडू दिला नाही. आणि २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत मुंबईकर चाकरमान्यांनी पाठवलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आजही गरजूंच्या घरी पोहोचवले जातात. या ऋणाचा मंडळाला अभिमान आहे.

मात्र एका आजारापुढे ही रुग्णवाहिका अपुरी पडते. पायाच्या खोल शिरेत धरलेली गुठळी सुटते आणि हृदयाच्या उजव्या बाजूने जाऊन फुप्फुसाच्या धमनीत अडकते. बाळंतपण, खुब्याची शस्त्रक्रिया, प्लास्टरमधला पाय, लांबलेले अंथरूण, यांतले कोणतेही निमित्त तिला पुरते. गुठळी मोठी असली तर उजव्या कप्प्यावर ताण येऊन वरचा रक्तदाब ९० च्या खाली कोसळतो आणि रुग्ण काही तासांत, कधी त्याआधीही, दगावू शकतो. अशा वेळी नुसते हेपॅरिन, म्हणजे गुठळी वाढू न देणारे औषध, पुरत नाही. गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज (१०० मिलिग्रॅम, २ तासांत शिरेतून) किंवा वजनानुसार एकदाच टोचायचे टेनेक्टेप्लेज द्यावे लागते. त्यात रक्तस्रावाचा धोका असतो, त्यामुळे ते कोणाला द्यायचे हे डॉक्टरच ठरवतील. ज्यांना देता येत नाही, त्यांची गुठळी कॅथेटरने (शिरेतून आत सरकवलेल्या बारीक नळीने) वा शस्त्रक्रियेने काढण्यासाठी त्यांना शहरातच न्यावे लागते.

या इंजेक्शनची किंमत हजारोंच्या घरात आहे. गेल्या पावसाळ्यात एका बाळंतिणीचे नातेवाईक तिचा रक्तदाब खाली जात असताना पैशांची जुळवाजुळव करीत होते. ती वाचली, हे सुदैव. त्याआधीच्या दिवाळीत याच निधीचे पत्रक आम्ही घरोघरी दिले होते. सभामंडपाच्या रंगकामाची रक्कम आठवड्यात उभी करणाऱ्या आपल्या गावाने त्या पत्रकाला जवळजवळ उत्तरच दिले नाही, याचे शल्य कार्यकारिणीला आहे, आणि ते आपल्या माणसांपासून लपवावेसे वाटत नाही.

दोन रुग्णांना पुरेल इतके औषध ग्रामीण रुग्णालयात कायम तयार राहावे, वापरले की किंवा मुदत संपत आली की लगेच नवे आणले जावे, आणि उपचारानंतर किमान ३ महिने घ्याव्या लागणाऱ्या रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या व तपासण्या यांसाठी गरीब रुग्णाला हात पसरावा लागू नये, यासाठी हा निधी आहे.

देणगी मंडळाच्या कार्यालयात सायं. ५ ते ७ (रविवारी बंद), रोख, धनादेश वा क्यूआर कोडने, धनादेश मंडळाच्या नावे, पावती लगेच, प्राप्तिकर सवलतीसाठी पॅन आवश्यक, २,००० रुपयांवरील रोख देणगीस सवलत नाही, हिशेब दरमहा फलकावर. गणेशचतुर्थीपूर्वी पहिली खरेदी करावयाची आहे, म्हणून कृपया त्याआधी यावे.

आपला नम्र,
चिटणीस, कार्यकारिणीच्या वतीने