पक्ष्यांच्या चित्रात मागचा भाग का गायब?

संपादक साहेब, नमस्कार.

मुलांच्या पानावर पक्ष्याचं शरीर समजावून सांगितलंत, चोच पंख हाडं सगळं आलं पण मागचा भाग गायब, लाज वाटली की काय? अहो पक्षी, साप, पाल, बेडूक, शार्क या सगळ्यांना शी, शू आणि अंडी-पिल्लं यासाठी मिळून एकच दार असतं, त्याला मराठीत अवस्कर म्हणतात आणि इंग्रजीत क्लोएका, ज्याचा लॅटिन अर्थ चक्क गटार! पक्ष्याच्या विष्ठेत जो पांढरा भाग दिसतो ना ती खरं तर त्याची लघवी, म्हणजे युरिक ॲसिड, पाणी वाचावं म्हणून घट्ट झालेलं. बहुतेक नर पक्ष्यांना लिंगच नसतं, नर-मादी क्षणभर अवस्कर टेकवतात आणि झालं काम (बदकं मात्र अपवाद).

सस्तन प्राण्यांत प्लॅटिपस आणि एकिडना यांचंही असंच एक दार. माणसात बाईला ३ आणि पुरुषाला २ कारण लघवी नि वीर्य एकाच नळीतून येतं, हे सुद्धा कित्येक मोठ्या माणसांना धड माहीत नसतं बरं का. आणि गंमत म्हणजे गर्भात आपल्यालाही सुरुवातीला अवस्कर असतो, ७व्या आठवड्याच्या आसपास मध्ये पडदा वाढतो आणि त्याचे २ भाग होतात. ते नीट झालं नाही तर क्वचित एखादी मुलगी एकाच छिद्रासह जन्मते, मग ऑपरेशन करावं लागतं.

पुढच्या वेळी आकृती पूर्ण छापा, मुलं तुमच्या-माझ्यासारखी लाजत नाहीत.

एक वाचक