वर्ग बंद पडू देऊ नका : विडी कामगार भगिनींच्या रात्रीच्या वर्गांसाठी मदतीचे आवाहन

सोलापूरकर बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

हे पत्र दोन महिन्यांपूर्वीच तुमच्या हाती पडायला हवे होते. वार्षिक सभा, हिशेबतपासणी, धर्मादाय कार्यालयाचे कागद यांतून मान वर काढता आली नाही. तेवढ्यात तिन्ही वर्गांच्या शिक्षिकांचे चार महिन्यांचे मानधन थकले. तिघींपैकी एकीनेही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही आणि एकीनेही वर्ग चुकवला नाही. त्यांच्या वतीने मला लिहिणे भाग आहे.

आपले मंडळ तुम्हाला नवे नाही. २ ऑक्टोबर १९७८ ला देशभर राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. तीस जणांचा एक वर्ग, दहा महिने शिकवायचे आणि शिकवणाऱ्याला महिन्याला ५० रुपये, असा तो हिशेब होता. त्याच हिवाळ्यात आपल्या गुरुजींनी शहराच्या पूर्व भागात एका हातमाग-यंत्रमागाच्या शेडमध्ये कंदील लावून पहिला वर्ग भरवला. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती, तिचे नाव गुरुजी पहिल्या दिवशी प्रत्येक वर्गात घेत. ५० रुपयांतले निम्मे रॉकेलला जात, उरलेल्यात ते पाट्या आणत. त्या वेळी अक्षरे गिरवलेल्या कितीतरी जणींच्या नाती आज बँकांत, दवाखान्यांत, शाळांत नोकरीला आहेत. त्यांपैकी एक आपल्या दुसऱ्या वर्गाची शिक्षिका आहे, हे सांगताना मला फार बरे वाटते.

दात्यांची नावे लिहू नयेत असे बहुतेकांनी बजावले आहे. तरी ज्यांच्यामुळे इतकी वर्षे निभावली, त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. चाटी गल्लीतल्या कापडवाल्या काकांनी सलग अठरा दिवाळ्या पाट्या-पेन्सिलींचा खर्च उचलला. पावती घ्यायलाही ते कधी आले नाहीत, आम्हीच दुकानात नेऊन द्यायचो, तर चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी पेन्शनच्या पहिल्या महिन्यात आपल्याला लाकडी फळा आणि दोन बाकडी दिली. तो फळा अजून वापरात आहे, फक्त दर दोन वर्षांनी काळा रंग द्यावा लागतो. चादरींच्या कारखान्यातल्या कामगार दादांनी बोनसमधून वर्गणी काढून पंखे बसवले. सोलापूरचा एप्रिल-मे ज्याने काढला आहे त्याला त्या पंख्यांचे मोल कळेल. आणि आपले डॉक्टरसाहेब. त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

दोन वर्षांपूर्वी वर्गात एक अक्का यायच्या. वय पन्नाशीच्या पुढचे. दिवसाला हजार विड्या वळणारा हात. पत्र्याच्या मापाने पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे, हे सारे त्या बोलता बोलता करतात, सुपाकडे बघतही नाहीत. पण पाटीवरचे अक्षर काही केल्या येईना. तीन आठवड्यांनी म्हणाल्या, "माझं डोकं आता जुनं झालं, बाई, मी येत नाही." त्या दिवशी डॉक्टरसाहेब सहज डोकावायला आले होते. त्यांनी अक्कांना दाराशी थांबवले आणि आपल्या खिशातला वाचायचा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. अक्कांनी पाटी जवळ घेतली, लांब धरली, पुन्हा जवळ घेतली आणि मोठ्याने म्हणाल्या, "दिसतंय की ओ बाई!" विडीचे तोंड अंगठ्याच्या नखाने मुडपायची सवय, तशीच पेन्सिल धरून त्यांनी त्या रात्री 'अक्का' हा शब्द अकरा वेळा लिहिला. त्यानंतर डॉक्टरसाहेबांनी वर्गातल्या सगळ्या जणींचे डोळे फुकट तपासले. निम्म्याहून अधिक जणींना अक्षर अवघड नव्हतेच, ते दिसतच नव्हते. विडी बोटांनी वळता येते, अक्षराला डोळे लागतात, हे इतकी वर्षे वर्ग चालवूनही आमच्या ध्यानात आले नव्हते याचे वाईट वाटते.

आपल्या वर्गातल्या बहुतेक जणी घरी तेलुगू बोलतात. अननसाचा अ त्यांना परका वाटतो. म्हणून शिक्षिका 'अम्मा' आणि 'अक्का' यांच्यापासून सुरू करतात, मग 'पान', 'दोरा', 'हजार'. आकडे तर आधीच शिकवावे लागतात, कारण मजुरी हजारी विडीवर ठरते. छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्या किती आणि हिशेबात धरल्या किती, हे ज्या बाईला वाचता येत नाही तिने कोणाला विचारायचे? गेल्या वर्षी एका ताईंनी स्वतःच्या कार्डावरचा आकडा वाचला आणि कारखान्यात जाऊन दुरुस्त करून घेतला. रक्कम लहान होती. पण त्या आठवड्यात वर्गाला सात नव्या जणी आल्या.

आता सरकारी अनुदानाबद्दल. "सरकार तर पैसे देतंच ना, मग तुम्हाला वर्गणी कशाला?" असे तोंडावर विचारणारे आहेत, म्हणून लिहितो. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले, पण त्याचा भर १५ ते ३५ वयाच्या लोकांवर होता. आमच्या अर्ध्या वर्गाने तेव्हाच पस्तिशी ओलांडली होती. ८ सप्टेंबर २००९ ला साक्षर भारत सुरू झाले. २००१ च्या जनगणनेत ज्या जिल्ह्यांत प्रौढ स्त्रियांची साक्षरता ५० टक्के किंवा त्याहून कमी होती, तेच जिल्हे त्यात मुख्यतः घेतले, तेही खेड्यांसाठी. आपण शहरात, आपला जिल्हा त्या रेषेच्या वर. ती योजना मार्च २०१८ मध्ये संपली. सध्या नव भारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे 'उल्लास', चालू आहे. २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी त्याला १,०३७ कोटी ९० लाख रुपये ठरले, पंधरा वर्षांवरील कोणालाही त्यात शिकता येते, वयाची वरची अट नाही, याचे आम्ही मनापासून स्वागत केले. आपल्या भगिनी त्याच्या परीक्षेला बसतात. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान मिळून १५० गुणांचा पेपर असतो. १७ मार्च २०२४ च्या परीक्षेला रविवार असूनही आदल्या रात्री जागून विड्या पुऱ्या केल्या आणि इस्त्रीच्या साड्या नेसून गेल्या. पण ही योजना स्वयंसेवकांच्या सेवाभावावर चालते, शिकवणाऱ्याला तीत मानधन नाही. खोलीचे भाडे, वीज, चष्मे यांचा तर विषयच नाही.

मधल्या काळात एकदा आपल्याला अनुदान मंजूर झाले होते. पहिला हप्ता आला. त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, तपासलेला हिशेब, हजेरीपट, फोटो, सगळे वेळेत पोचवले. दुसऱ्या हप्त्यासाठी तीन वर्षे हेलपाटे घातले. साहेब बदलले, टेबल बदलले, फाइल पुन्हा द्या म्हणाले, पुन्हा दिली. शेवटी योजनाच बंद झाल्याचे कळले. त्या हप्त्याच्या भरवशावर घेतलेली उधारी गुरुजींनी स्वतःच्या फंडातून फेडली. ही गोष्ट त्यांनी जिवंत असेपर्यंत कोणाला सांगू दिली नाही, आज मी सांगतो आहे.

गेल्या वर्षी आपण तीनशे पत्रके घरोघर वाटली. पावत्या फाटल्या अकरा. राग नाही, पण मनाला लागले. सत्कार समारंभाला सभागृह भरते, फोटोला गर्दी होते, "तुमचं काम फार मोठं आहे" असे प्रत्येक जण हात हातात घेऊन सांगतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या स्त्रियांची साक्षरता ७५.८७ टक्के होती. म्हणजे चौघींमागे जवळजवळ एक अक्षराविना राहिली, आणि ती एक आपल्याच गल्लीत, आपल्याच दारावरून कारखान्यात जाते. तिच्यासाठी दिवाळीच्या फटाक्यांइतकी तरी रक्कम निघावी, एवढीच अपेक्षा होती.

हिशेब असा. तीन शिक्षिका, प्रत्येकी महिना १,५०० रुपये, वर्षाचे ५४,०००. खोल्यांचे भाडे व वीज महिना २,००० प्रमाणे २४,०००. साठ जणींच्या वह्या-पुस्तके-पाट्या ९,०००. चाळीस चष्मे, प्रत्येकी २५०, असे १०,०००. एकूण ९७,०००. खात्यात आज १८,००० आहेत आणि थकलेले मानधनही बरोबर तेवढेच आहे. ते याच आठवड्यात द्यायचे असे कार्यकारिणीने ठरवले आहे. म्हणजे पुढच्या महिन्याचे भाडे भरायला काही उरत नाही. ८ सप्टेंबर, साक्षरता दिनापर्यंत निम्मी रक्कम जमली नाही तर तिसरा वर्ग बंद करावा लागेल, आणि तिथेच सगळ्यात जास्त नव्या जणी आहेत.

देणगी चेकने किंवा बँकेतून द्यावी. दोन हजारांहून जास्त रोख रकमेवर आयकरातली ८०जी ची सवलत मिळत नाही, आणि ती सवलत जुन्या करपद्धतीतच आहे. पावतीसाठी पॅन क्रमांक लिहून द्या, वर्षाअखेर प्रमाणपत्र मिळेल. परदेशी राहणाऱ्या सोलापूरकरांनी लक्षात घ्यावे की मंडळाकडे परदेशी देणगीची नोंदणी नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेली रक्कम चालते, इतरांची घेता येत नाही, कृपया गैरसमज नको. खाते क्रमांक पावतीपुस्तकाच्या मागे आणि वर्गाच्या फलकावर आहे. वर्ग रोज रात्री आठ ते साडेनऊ, नळाला पाणी येईल तो दिवस आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे दिवस सोडून. पैशांखेरीज आणखी एक गरज आहे : पुढच्या योजनेसाठी अर्ज करायचा तर दर्पण पोर्टलची (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी संकेतस्थळाची) नोंद आणि १२अ चे (संस्थेच्या आयकर-सवलतीच्या नोंदणीचे) नूतनीकरण लागेल. हे काम जाणणाऱ्या एखाद्या सनदी लेखापालाने महिन्यातली दोन संध्याकाळ दिली तरी आमचे अर्धे ओझे उतरेल. तेलुगू आणि मराठी दोन्ही येणाऱ्या मुलींनीही शिकवायला यावे.

आपला,
सचिव, कार्यकारिणीच्या वतीने

ता.क. : घरात दीड, दोन किंवा अडीच नंबरचे वाचनाचे चष्मे पडून असतील तर काच न तडकलेले, दांडी शाबूत असलेले आणून द्या. डॉक्टरसाहेब दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी वर्गात बसतात, ते तपासून ज्याच्या-त्याच्या डोळ्यांना लावतात.