आभार, आणि धुळीबद्दल विशेष आभार

मॅडम, सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतं मॅडम. आभार मात्र चारचौघांतच मानणार.

'समूहांतल्या दीर्घिकांचं अतिनील तेज' हा विषय एम.एस्सी.च्या प्रकल्पाला घेतला, तेव्हा आमच्या कॉलेजात त्यातलं कुणीच नव्हतं. ओळखपाळख नसताना तुम्ही ईमेलला उत्तर दिलंत. त्यातही उत्तरं कमी, प्रश्नच जास्त!

अतिनील प्रकाश मुख्यतः तरुण, तप्त, जड ताऱ्यांचा. त्यामुळे समूहाच्या मध्याजवळची दीर्घिका त्यात फिकी दिसली, की समूहातल्या तप्त वायूने तिचा वायू ओरबाडून नेला असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. तुम्ही ते होऊ दिलं नाहीत. "आधी धूळ बघ," म्हणालात. दीर्घिकेतली धूळ अतिनील प्रकाश गिळते आणि ती ऊर्जा अवरक्तात बाहेर टाकते; म्हणजे अवरक्त निरीक्षणं जोडीला हवीतच. उलट, ताऱ्यांचा जन्म जवळपास थांबलेल्या थोराड लंबवर्तुळी दीर्घिकाही दूर-अतिनीलमध्ये बऱ्यापैकी चमकतात. ती चमक हेलियम जाळणाऱ्या म्हाताऱ्या ताऱ्यांची. हे कळल्यावर माझे निम्मे आलेख पुन्हा काढावे लागले, त्याबद्दल आभार जरा हात राखूनच मानते.

सगळ्यात उपयोगी पडली ती हायड्रोजन-अल्फाची, म्हणजे तप्त हायड्रोजन वायूतून निघणाऱ्या लाल प्रकाशरेषेची जोड. ती रेषा साधारण गेल्या १ कोटी वर्षांतली तारानिर्मिती दाखवते, अतिनील सुमारे १० कोटी वर्षांपर्यंतची. दीर्घिकेच्या तबकडीच्या कडेला अतिनील शिल्लक पण हायड्रोजन-अल्फा गायब असेल, तर तिथली तारानिर्मिती नुकतीच तुटली (खगोलशास्त्रातलं 'नुकतीच'!). वायूचा पुरवठा सावकाश आटला असता, तर दोन्ही जवळपास बरोबरीने मंदावले असते. दीर्घिका समूहात शिरताना नेमकं काय घडलं, याचा माग असा लागतो हे मला कुठल्याच पुस्तकाने इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

आणि मग तुम्ही जेओ२०१ ही दीर्घिका दाखवलीत. आबेल ८५ समूहात ती सेकंदाला ३ हजार किलोमीटरहून जास्त वेगाने घुसतेय. स्कूटीवर ओढणी मागे फडफडावी तसा तिचा वायू मागे ओढला गेलाय, आणि त्या शेपटांमध्येच नवे तारे जन्मताहेत! २०१५ मध्ये उडालेल्या भारतीय उपग्रह अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीने ते अतिनील ठिपके सुटे सुटे टिपले. नासाच्या आधीच्या गॅलेक्स या अतिनील दुर्बिणीचा आरसा ५० सेंटिमीटरचा, आपल्या दुर्बिणीचा जेमतेम ३८. तरी बारकावे सुमारे ५ ऐवजी दीड आर्कसेकंदापर्यंतचे (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग; आकडा लहान तेवढं चित्र स्पष्ट). समूह दीर्घिकेला नुसता विझवतो, हे माझ्या प्रस्तावनेतलं वाक्य तेव्हाच कटाप झालं.

एक विनंती. धुळीच्या दुरुस्तीवरचं तुमचं हस्तलिखित टिपण खालच्या वर्गातली मुलं मागताहेत. झेरॉक्स देऊ का? नाव खोडूनच देईन.

आपली कृतज्ञ,
प्रश्नांनी छळलेली विद्यार्थिनी