गाडी उनी नही

धुळे
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय शालू,

तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी उचलले नाहीत, राग मानू नकोस. फोनवर बोललो असतो तर तुझ्या पोरीच्या अ‍ॅडमिशनचं, सुरतच्या पावसाचं, माझ्या गुडघ्याचं बोलून झालं असतं आणि मला जे सांगायचंय ते नेहमीसारखं राहून गेलं असतं. म्हणून लिहायलाच बसले. कादंबरी संपली बघ. परवा पहाटे चार वाजता शेवटच्या वाक्यावरून अखेरचा हात फिरवला आणि लाइट बंद न करताच तशीच टेबलावर डोकं ठेवून झोपले. पत्राच्या शेवटी तुला एक विचारायचंय, पण आधीच विचारलं तर का विचारतेय ते कळणार नाही, त्यामुळे पहिल्यापासून सगळं सांगते, वाचायला वेळ काढ.

मागे तू म्हणाली होतीस की एवढ्या लव्हस्टोऱ्या लिहितेस, तुला सुचतात कुठून. तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली होती. ह्या वेळचं मात्र मला अगदी नक्की माहितीय कुठून सुचलं. २०२० च्या मार्चमध्ये सगळ्या रेल्वे बंद झाल्या, आठवतंय ना. मी तेव्हा गावीच आजीकडे अडकले होते. आजी ८६ वर्षांची, कानाने तशी कमी ऐकायची, टीव्ही मोठा लावला तरी तिला कळायचं नाही. पण गाडीची शिट्टी तिला बरोबर ऐकू यायची. बंद झाल्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर बसली होती, तांदूळ निवडत, आणि हात थांबवून म्हणाली, "गाडी उनी नही आज?" मी सांगितलं, आजी सगळ्या गाड्या बंद आहेत, रोग आलाय. ती हं म्हणाली. दुसऱ्या दिवशी परत तेच, "गाडी उनी नही." रोज. महिनाभर रोज. आणि मला एक दिवस लख्ख कळलं की ती वेळ विचारत नाहीये.

तुला तर माहितीय, आजोबा धुळ्याला मिलमध्ये होते आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने घरी यायचे. आजीकडे घड्याळ होतं पण ती ते बघायची नाही. गाडीने लांबून शिट्टी दिली की ती चुलीवर तवा ठेवायची, तवा तापेपर्यंत पीठ मळून व्हायचं, आणि आजोबा स्टेशनवरून चालत दारात येऊन पाय धुवायला लागले की पहिली कळण्याची भाकर तव्यावर पडायची. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. थंड भाकर त्या माणसाने घरात कधी खाल्ली नाही. दोघं एकमेकांशी बोलायचे किती, तर फारच कमी. आजोबा तिला नावाने हाक मारताना मी कधी ऐकलं नाही. मी दहावीत असताना ते गेले, आणि दिवसकार्य उरकून पाहुणे गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी शिट्टी झाली आणि आजी उठली. तवा ठेवला. पिठाच्या डब्यात हात घातला आणि तशीच उभी राहिली, हात डब्यात. मी दारातून बघत होते, तिने मला बघितलं नाही. मग तिने पीठ काढलं, भाकर केली आणि मला हाक मारून म्हणाली, "जेवी ले."

शालू, मी तीस वर्षं तो डब्यातला हात सोबत घेऊन फिरतेय. आधीच्या सात पुस्तकांत तो कुठेच बसला नाही. बसवायचा प्रयत्नही केला होता दोनदा, पण खोटा वाटला म्हणून काढून टाकला. मग त्या लॉकडाऊनमध्ये, गाडी उनी नही म्हणताना, कळलं की ह्या गोष्टीला गाडीच लागते, त्याशिवाय ती उभी राहत नाही. आपली चाळीसगाव धुळे गाडी. १९०० साली सुरू झालेली लाइन, पुरती साठ किलोमीटरसुद्धा नाही, जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर अशी छोटी छोटी स्टेशनं, आणि तिच्यावर दोन-तीन पिढ्यांचं अख्खं आयुष्य वरखाली झालं. कोणी कॉलेजला, कोणी कोर्टात तारखेला, कोणी माहेराला.

आता नायिका सांगते. चाळीसगावात स्टेशनरोडला तिचा फोटो स्टुडिओ आहे, एक्केचाळीस वर्षांची. ती आखाजीला माहेरी आली आणि परत सासरी गेलीच नाही, अशी सुरुवात आहे. आखाजी मी मुद्दाम घेतली. बाकी महाराष्ट्राला अक्षय तृतीया म्हटलं की सोन्याचं दुकान आठवतं, पण आपल्याकडे बाईला वर्षातून एकदा हक्काने माहेर मिळायचं ते आखाजीला. गौराई, निंबाला बांधलेला झोका, खापरावरचे मांडे आणि रस, आणि झोक्यावर बसून सासरचं सगळं गाण्यात सांगून टाकायचं. आणि त्याच दिवशी सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल संपतं, तो नवीन मालक बघू शकतो. मला लहानपणापासून वाटायचं की सालदाराला त्या दिवशी सुटता येतं तर बाईला का नाही. तर माझी नायिका झोक्यावरून उतरते आणि आईला सांगते, माझं साल संपलं. ते वाक्य लिहिलं तेव्हा मला रडू आलं, खरंच सांगते.

स्टुडिओ सुचला तो फोटोग्राफर केकी मूस यांच्यामुळे. कॉलेजच्या ट्रिपला आपण पाटणादेवीला गेलो होतो तेव्हा चाळीसगावात त्यांच्या घरी जायचं राहून गेलं होतं, बस निघून जाईल म्हणून. मी ह्या पुस्तकासाठी तीनदा जाऊन आले. टेबलटॉप फोटोग्राफीत, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून काढलेल्या फोटोंत, केवढं नाव त्या माणसाचं, मुंबईतला जन्म, १९१२ चा, आणि आयुष्य काढलं चाळीसगावात, स्टेशनच्या जवळच्या त्या घरात, १९८९ मध्ये जाईपर्यंत. कित्येक वर्षं ते घराबाहेर म्हणून पडले नाहीत. का, तर गावात सांगतात की मुंबईच्या एका मुलीने येते म्हणून वचन दिलं होतं, आणि मुंबईहून येणारी मेल यायच्या वेळेला ते दार उघडून, दिवा लावून बसायचे, गाडी निघून गेली की मगच जेवायचे. गोष्ट खरी किती आणि लोकांनी वाढवलेली किती ह्यात मी शिरले नाही. मला तिथे उभं राहून एवढंच दिसलं की एक माणूस गाडी गेल्यावर जेवतो आणि एक बाई गाडी आली की तवा ठेवते, आणि दोघांमध्ये अंतर किती तर दोन-तीन स्टेशनांचं. एकाची गोष्ट सगळ्या जिल्ह्याला माहिती आणि माझ्या आजीची कोणालाच नाही. त्या दिवशी घरी येऊन मी पहिलं प्रकरण फाडून परत लिहिलं.

नायक रेल्वेत कीमन आहे. कीमन म्हणजे रोज सकाळी खांद्यावर पाना-हातोडा घेऊन आपल्या हद्दीतला रूळ पायी चालून बघणारा, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी ढिली झाली असेल तर ठोकून बसवणारा. एका रिटायर झालेल्या कीमन काकांकडे मी चार दुपारी जाऊन बसले. ते म्हणाले, ताई, डोळ्याने नंतर दिसतं, आधी कानाला कळतं, घट्ट असेल तर आवाज खणकन येतो आणि ढिली असेल तर बोदा येतो. बोलता बोलता त्यांनी हातातल्या अडकित्त्याने लोखंडी खाटेच्या पायावर दोनदा मारून दाखवलं. मी घरी येऊन तो सगळा माणूस त्या एका गोष्टीवर उभा केला, माझा नायक लोकांचं बोलणंसुद्धा तसंच ऐकतो, खणकन की बोदा. नायिका पहिल्यांदा त्याच्याशी बोलते, पासपोर्ट फोटोचे पैसे सांगते फक्त, आणि त्याला कळतं की ही बाई आतून ढिली झालीये.

रुळांचं लिहिताना एक भीती मात्र सतत होती. रूळ म्हटलं की आपल्याला बालकवी आठवतातच. भादली स्टेशनजवळ, ५ मे १९१८, तिशीसुद्धा गाठली नव्हती. शाळेत बाईंनी सांगितलं होतं तेव्हा मी आणि तू दोघी किती दिवस रूळ ओलांडताना हात धरायचो. त्यामुळे मी आधीच ठरवलं होतं की माझ्या पुस्तकात रुळावर कोणी मरणार नाही. लव्हस्टोरी लिहिणाऱ्याला शेवटी एक मरण टाकायचा फार मोह होतो, वाचक रडतो, पत्रं येतात. मी नाही टाकलं.

भाषेवरून मात्र फार झालं बाई. पुण्याच्या एका प्रकाशनाला पहिल्यांदा पाठवलं होतं, तिथल्या एडिटरचं म्हणणं पडलं की कथा छान आहे पण अहिराणी कमी करा, संवाद प्रमाण मराठीत घ्या, चवीपुरती अहिराणी ठेवा. चवीपुरती! मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आसोद्याच्या बहिणाबाई, लिहिता-वाचता येत नव्हतं, तिशीत विधवा झाल्या, शेतात आणि जात्यावर जे सुचलं ते आपल्या घरच्या बोलीत गायल्या. १९५१ ला त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी मुलाने, सोपानदेवांनी, ती गाणी छापून आणली, आणि आज सगळा महाराष्ट्र ती पाठ म्हणतो. कोणी म्हणालं का की ह्यातली बोली कमी करा? त्यांची लेवा बोली आणि माझी अहिराणी वेगळी, आणि मी त्यांच्या पायाशीसुद्धा उभी राहू शकत नाही, पण मुद्दा तोच आहे.

आणि खरं कारण वेगळंच आहे. प्रमाण मराठीत माझा नायक "माझं तुझ्यावर प्रेम आहे" म्हणेल, म्हणावंच लागेल त्याला. अहिराणीत तो असं म्हणूच शकत नाही, त्याच्या तोंडात ते बसत नाही. "तू माले आवडस" एवढं फार तर म्हणेल, तेही अंधारात. बाकी सगळं पुस्तकभर तो काय म्हणतो तर "कव्हय येशी?" आणि ती म्हणते, "वाट दख." तेवढ्यावर साडेतीनशे पानं चालली आहेत, ते काढलं तर खाली काय उरतं? मी पुस्तक परत मागून घेतलं. आता दुसऱ्यांनी घेतलंय, एकही अहिराणी ओळ न बदलता, खाली अर्थ न देता. ज्याला कळायचं त्याला कळेल.

आजी २०२३ ला गेली, तुला कळवलंच होतं. त्याआधी गाडी परत सुरू झाली होती, पण विजेवरची मेमू होऊन. पहिल्या दिवशी मी तिला मुद्दाम ओट्यावर बसवलं. भोंगा वाजला, आजीने मान वर केली, नीट ऐकलं आणि म्हणाली, "हाई आपली गाडी नही." आणि आत निघून गेली. पुस्तक तिथे संपतं. म्हणजे नायिकेच्या तोंडी नाही, तिच्या आजीच्याच तोंडी ठेवलंय, आणि नायिका ते ऐकून उठते आणि त्याच गाडीने जाते. जुनी वाट आजीची, तिची ती नाही.

आता विचारायचं ते.

आपण कॉलेजला अपडाऊन करायचो त्या तीन वर्षांतला तो मुलगा. देवपूरचा. घर धुळ्यात, कॉलेज धुळ्यात, तरी संध्याकाळी तिकीट काढून आपल्या डब्यात चढायचा, आपल्या स्टेशनला आपल्यामागे उतरायचा आणि परतीच्या गाडीची वाट बघत लिंबाखालच्या बाकावर बसायचा. एक शब्द बोलला नाही कधी. मी खिडकीपाशी असायचे तर तो समोर उभा राहायचा, तू असायचीस तर लांब दाराशी. त्यावरून मला कळलं होतं, तू सांगायच्या आधीच. मग त्या दिवशी गाडीत गर्दीत त्याचं तिकीट खाली पडलं आणि तू त्याच्यावर चप्पल ठेवलीस आणि सगळे उतरल्यावर उचललंस. ते पुठ्ठ्याचं छोटं तिकीट. तुझ्या हळदीच्या आदल्या रात्री माळ्यावर बसून तू मला ते दाखवलंस आणि म्हणालीस, हे फक्त तुला माहितीय.

ते मी घेतलंय शालू. तिकीट, चप्पल, लिंबाखालचा बाक, सगळं. तेविसाव्या प्रकरणात आहे, नायिकेच्या तरुणपणातलं म्हणून. नाव, गाव, कॉलेज सगळं बदललंय, पण तू वाचलंस तर तुला पहिल्या ओळीला कळेल, आणि तुझ्या घरात कोणी वाचलं आणि विचारलं तर, ह्या विचाराने मला गेला आठवडा झोप नाही. आजीचं मी घेतलं ते माझ्या घरचं होतं, तिची नात म्हणून माझा काही हक्क तरी आहे. हे तू विश्वासाने सांगितलेलं आहे. लिहिताना विचारलं नाही ही माझी चूक, लिहीत गेले तेव्हा थांबताच आलं नाही, ते प्रकरण एका रात्रीत उतरलं आणि अख्ख्या पुस्तकात तेच सगळ्यात खरं झालंय असं मला वाटतं. पण तू नको म्हणालीस तर मी काढीन. प्रूफ पुढच्या गुरुवारी जाणार आहेत, तोपर्यंत सगळं हातात आहे, आणि काढल्यावर पुस्तक लंगडं होईल वगैरे मी एक अक्षर बोलणार नाही, तू विचारसुद्धा करू नकोस त्याचा.

सोबत ते प्रकरण प्रिंट काढून ठेवलंय, बारा पानं आहेत. एकटी असताना वाच, दुपारी वगैरे. मग फोन कर, ह्या वेळी पहिल्या रिंगला उचलते.

आणि ठेव म्हणालीस तर एक सांग, तिकिटाचा रंग मी मातकट लिहिलाय, मला नीट आठवत नव्हता. तुझ्याकडे असेल अजून तर बघून सांगशील का?

तुझी,
कुसुम