आई-बाबा, नाताळला मी येत नाहीये

मंगळवार, 4 नोव्हेंबर 2025

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

फोनवर सांगायला हवं होतं. रविवारी दोनदा विषय काढायला गेले. पहिल्यांदा आईने "थांब गं, दूधवाला आलाय" म्हणून फोन टेबलावर ठेवला, आणि दुसऱ्यांदा बाबांनी विचारलं, विमानतळावरून टॅक्सी सांगून ठेवू का. त्यावर माझ्या तोंडून शब्दच फुटेना. म्हणून लिहितेय. दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात छापून द्यायला. बाबांनी मोबाइलवर डोळे ताणत बसू नये.

तर, याच महिन्याच्या 20 तारखेचं तिकीट मी बदललं. आता 9 जानेवारीला निघते, 11 च्या पहाटे पुण्यात. म्हणजे बाबांच्या मोतीबिंदूला मी नाही, आणि नाताळलाही नाही.

आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस. आधी पूर्ण वाच.

1 ऑक्टोबरपासून इथलं, अमेरिकेचं, केंद्र सरकार बंद आहे. खर्चाला मंजुरी मिळाली नाही की इथे सरकारलाच कुलूप लागतं. मागच्या वेळीही बाबांना हे पटलं नव्हतं, "असं कसं बंद?" म्हणून तुम्ही माझ्यावरच चिडला होतात. आज 35 वा दिवस. आपल्या रेशन कार्डासारखं इथे एक कार्ड असतं, त्यावर दर महिन्याला किराण्यापुरते पैसे येतात. सुमारे 4 कोटी 20 लाख लोक त्यावर जगतात. ते पैसे 1 नोव्हेंबरपासून थांबले. काल सरकार म्हणालं, अर्धेमुर्धे देऊ. कधी, ते कुणालाच ठाऊक नाही.

आमच्या देवळाखालच्या, म्हणजे चर्चखालच्या, हॉलमध्ये दर शनिवारी धान्यवाटप असतं हे तुम्हाला माहीत आहे, फोटो पाठवले होते. (आई, तू त्यात फक्त माझा स्वेटर जुना झालाय एवढंच पाहिलंस.) एरवी साठेक कुटुंबं येतात. परवाच्या शनिवारी शंभराच्या वर गेली. सकाळी सात वाजता, दारावर बर्फासारखं दव, आणि रांग पार वाहनतळाच्या टोकापर्यंत. ब्राझीलच्या बायका तांदूळ आणि राजमा शोधत होत्या, आमच्याकडे होते नुसते मटाराचे डबे. विमानतळावर नोकरी करणारा एक जण गणवेशातच आला होता. महिनाभर पगार नाही, तरी कामावर जावंच लागतं. त्याने मला हळूच विचारलं, पिशवी काळी मिळेल का, आतलं दिसत नाही अशी. मी तळघरभर शोधली. मिळाली नाही. मग माझी ऑफिसची पिशवी दिली.

हे सगळं जी बाई सांभाळायची, ब्याऐंशी वर्षांची, ती गेल्या महिन्यात देवळाच्या पायरीवर ओल्या पानांवरून घसरली आणि खुबा मोडून बसली. इथे पानगळ फोटोत छान दिसते हो. मेपल लालभडक होतो, लोक गाड्या काढून बघायला जातात. पण पाऊस पडला की त्या पानांचं शेवाळ होतं. ती दवाखान्यातून फोनवर मला म्हणाली, चाव्या तुझ्याकडे राहू देत. मी हो म्हणाले. तुम्हाला न विचारता म्हणाले. 27 ला थँक्सगिव्हिंग आहे, त्याच्या आधीचा शनिवार वर्षातला सगळ्यात मोठा. त्या दिवशी मी पुण्यात आयतं ताट पुढे घेऊन बसले असते, तर घास माझ्या घशाखाली उतरला नसता.

आणि तिकीटही महाग झालं होतं. आणि ऑफिसात डिसेंबरची रजा दुसऱ्याने आधीच घेतली होती. आणि जानेवारीत पुण्याची हवाही चांगली असते.

खरं सांगू? 10 डिसेंबरचं तिकीट मिळत होतं. महाग, पण मिळत होतं. रजेचंही ऑफिसात बोलून जमलं असतं. बाबा, तुम्ही माझी खोटी बेरीज लहानपणापासून पकडत आलात, म्हणून आधीच कबूल करते.

नाताळच्या दुपारी आमच्या हॉलमध्ये जेवण असतं. ज्यांना जायला कुठे नाही त्यांच्यासाठी. मंडळीतले असोत नसोत, कुणीही यावं. 2023 चा नाताळ आठवतो? ते सगळं झालं त्या वर्षीचा. मी तुम्हाला सांगितलं होतं, मैत्रिणीकडे जेवले. मैत्रीण नव्हती. त्या हॉलमध्ये जेवले, एका अनोळखी आजोबांशेजारी, आणि त्यांनी मला काहीही न विचारता बटाट्याचं भांडं तीनदा पुढे केलं. तेव्हा सांगितलं असतं तर आई रात्रभर झोपली नसती, म्हणून नाही सांगितलं. आता सांगतेय कारण आता बरं आहे. यंदा मला त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायचंय. एवढंच आहे. बाकीची कारणं मी मागाहून गोळा केली.

1993 मध्ये किल्लारीला ट्रक घेऊन तुम्ही गेलात, तेव्हा माझा सातवा वाढदिवस होता. मी आईला विचारलं, बाबा कधी येणार, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तिथली माणसं जेवली की." दिवाळीच्या तोंडावर तुम्ही आलात, दाढी वाढलेली, आणि मी तुम्हाला ओळखलंच नाही, आईच्या मागे लपले. हा टोमणा नाही हं बाबा. मुळीच नाही. वाटल्यास ही ओळ खोडून टाका.

बरं, आता तुमच्या आवडीचं सांगते, म्हणजे राग जरा उतरेल. इथे ऑक्टोबर म्हणजे वचनपत्रांचा महिना. पुढच्या वर्षी देवळाला किती देणार हे प्रत्येकाने आताच कार्डावर लिहून द्यायचं, आणि त्या बेरजेवर कमिटी वर्षाचा खर्च बसवते: पाळकबाईंचा पगार, हीटिंगचं तेल, छपराची गळती. खजिनदार काका कार्डं मोजत बसतात तेव्हा मला तुम्ही आणि तुमचं ते पावती पुस्तक दिसतं. मीही कार्ड भरलं. आकडा विचारू नका, तुम्हाला जास्त वाटेल आणि आईला कमी.

पाळकबाई म्हटलं की तुमची भुवई वर जाते, मला इथून दिसते. इथल्या या एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन, मंडळ्यांत 1976 मध्ये बायकांना पाळक व्हायची रीतसर मुभा मिळाली, आणि अख्ख्या अँग्लिकन जगातली पहिली बाई बिशप 1989 मध्ये इथेच, बॉस्टनला झाली, बार्बरा हॅरिस. आमच्या बाई तर धान्याची खोकीही उचलतात. तुम्ही भेटाल तेव्हा दहा मिनिटांत तुमचं त्यांच्याशी जमेल, पुढची दहा मिनिटं वाद होईल, मग परत जमेल.

4 ऑक्टोबरला संत फ्रान्सिसचा दिवस, त्या आठवड्यात लोक आपापली जनावरं आशीर्वादाला आणतात. कुत्री, मांजरं, एकीने टोपलीत कोंबडी आणली होती, एका पोराने बरणीतला मासा. मला नगरच्या मामांचा पोळा आठवला. मामा बैलाच्या शिंगांना रंग लावताना स्वतःच रंगायचे. एका कुत्र्याने पाळकबाईंच्या झग्यावर पाय वर केला. उपासना थांबली नाही.

येत्या 15 ला जत्रा आहे, म्हणजे आपला कापणीचा सण समजा, फक्त लिलाव नाही. मफलरी, मुरंबे, जुनी भांडी, आणि 'ॲपल पाय'. शुक्रवारी रात्री आम्ही आठ जणी चाळीस ॲपल पायसाठी सफरचंदं सोलणार. आई, माझं साल अखंड निघतं, तुझ्यासारखं, इथल्या बायका थांबून बघतात. बाबा, लिलाव नाही हे तुमच्या दृष्टीने बरंच आहे. आपलाच भोपळा पन्नासवरून पाचशेला तुम्ही घेतलात तेव्हा आई दोन दिवस बोलली नव्हती.

परवा, 2 तारखेला, घड्याळं एक तास मागे झाली. आता साडेचारला अंधार. त्याच दिवशी सर्व संतांची उपासना होती. वर्षभरात गेलेल्यांची आणि आपण दिलेली नावं वेदीपाशी मोठ्याने वाचतात. मी आजीचं नाव दिलं. वाचणारे गृहस्थ आदल्या दिवशी मला फोन करून तिच्या नावातला 'ळ' तीन वेळा म्हणून घेत होते. रविवारी त्यांनी तो इतका जपून उच्चारला की मला हसू आणि रडू एकदमच आलं. तिकडे तुम्ही त्याच दिवशी तिच्या कबरीवर शेवंती ठेवून आला होतात. आपल्यात साडेदहा तास आहेत, पण दिवस एकच होता.

अजून एक, बाबा. सप्टेंबरात मी बॉस्टनशेजारच्या केंब्रिजला नदीकाठच्या मठात एक दिवस शांत राहायला गेले होते. संध्याकाळच्या प्रार्थनेला बसले, काळे झगे घातलेले बंधू आले, आणि मग कळलं की हे तर तुमचे काउली फादर! 1866 साली ऑक्सफर्डजवळ काउलीत सुरू झालेला तोच संघ, ज्यांच्या पंचहौदच्या बोर्डिंगात आजोबा शिकले. आजोबा सांगायचे ना, फादर अनवाणी चालायचे आणि मराठी आपल्यापेक्षा शुद्ध बोलायचे. मी त्या बाकावर बसून पंचहौदच्या मनोऱ्यातल्या घंटा ऐकत होते. म्हणजे कानात.

माझी काळजी करू नका. मोठा कोट आहे, घसरणार नाहीत असे बूट आहेत, गाडीला बर्फाचे टायर या आठवड्यात घालते. घर गरम आहे. रोज जेवते, डाळ-भातच. हॉलमध्ये खोकी उचलायला दोन तगडी पोरं आहेत, मी फक्त ओरडते. पायरीवरची पानं मी स्वतः रोज झाडते, त्यामुळे तेही विचारू नका.

आता नीट ऐका, दोघंही. ऑपरेशन 26 ला. दादा 25 च्या रात्रीपासून मुक्कामाला येतोय, ठरलंय, त्याला "कशाला त्रास" म्हणून परत पाठवायचं नाही. थेंबांचा तक्ता मी करून पाठवलाय, फ्रिजवर लावा, घातला की खूण करा. रोज संध्याकाळी त्याचा फोटो मला हवा. बाबा, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चोळायचं नाही, वाकून चपला शोधायच्या नाहीत, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटरला हात लावायचा नाही. किल्ली दादाकडे. साखर आदल्या आठवड्यात तपासून घ्या, आणि फराळाच्या डब्याजवळ "एकच करंजी" म्हणून घुटमळू नका, ती कधीच एक नसते. आई, वरच्या फळीवरचा सोऱ्या काढायला स्टुलावर चढलीस असं कळलं तर मी खरंच बोलणार नाही. बीपीची गोळी सकाळची सकाळीच. फराळ यंदा अर्धाच कर, शेजारी रागावणार नाहीत. माझ्या वाटणीचे अनारसे जानेवारीपर्यंत टिकतात, तेवढे मात्र ठेव.

आणि बाबा, एक काम होतं, घाई नाही. पाळकसाहेबांकडून माझ्या सभासदत्वाचं पत्र हवंय. आपली मंडळी आणि ही एकाच अँग्लिकन सहभागितेतल्या, म्हणून नव्याने दृढीकरण वगैरे काही नाही, फक्त एक पत्र तिकडून इकडे येतं आणि माझं नाव इथल्या वहीत चढतं. मला माहीत आहे ती वही तुम्हीच लिहीत होतात. माझ्या बाप्तिस्म्याची ओळही तुमच्याच अक्षरात आहे. ती तशीच राहते, मी विचारून घेतलं, बाप्तिस्म्याची नोंद कुणी कुठे हलवत नाही. पुढच्या रकान्यात "स्थलांतर" एवढंच लिहायचं. दुसऱ्या कुणाला लिहू देऊ नका. डोळा बरा झाला की तुम्हीच लिहा. नाहीतर मी 11 ला येतेच आहे, तेव्हा बरोबर जाऊ. मी वही धरते.

आईच्या गुडघ्यांना आणि बाबांच्या डोळ्याला पापा.

तुमची
छकुली

ता. क. आई, साठ माणसांच्या पुलावाला तांदूळ किती? "अंदाजाने" लिहू नकोस. आणि पाणी बोटाच्या पेराने मोजायचं तर कुणाच्या बोटाच्या, तुझ्या की माझ्या?