विजेची परी आणि छापील कापड

पॅरिस

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पोचले. अवनीने जे.जे.मध्ये पेंटिंगऐवजी टेक्स्टाइल डिझाइनला प्रवेश घेतल्याचे आपल्या मनाला लागले आहे, हे ओळीओळीतून जाणवले. ‘चित्रकार व्हायची ती आता चादरींवर फुले काढणार,’ असे आपण लिहिले आहे. त्याला उत्तर म्हणून इथल्या एका चित्रकाराविषयी सविस्तर लिहितो. राउल द्युफी त्याचे नाव.

तो १८७७ साली ल आव्र या बंदराच्या गावी जन्मला. घरी भावंडे पुष्कळ आणि पैसा बेताचा, त्यामुळे चौदाव्या वर्षीच कॉफी आयात करणाऱ्या एका पेढीत नोकरीला लागला आणि नंतर संध्याकाळच्या वर्गात चित्रकला शिकू लागला. पुढे शिष्यवृत्ती मिळून पॅरिसला आला. १९०५ साली मातिस या चित्रकाराचे चित्र पाहून तो भडक, मोकळ्या रंगांकडे वळला, पण त्याची चित्रे फारशी विकली जात नव्हती. अपोलिनेर या कवीच्या प्राण्यांवरील कवितांसाठी त्याने लाकडावर कोरून चित्रे केली आणि १९११ साली ते पुस्तक निघाले. लाकडात जे कोरून काढावे ते कागदावर पांढरे राहते आणि जे ठेवावे ते काळे उमटते. मधल्या छटांना तिथे जागाच नसते, त्यामुळे पानाफुलांचा आकार एका घावात ठरवावा लागतो.

त्या काळी स्त्रियांच्या पोशाखात क्रांती घडवणाऱ्या पॉल प्वारे याने द्युफीला त्याच वर्षी बुलव्हार द क्लिशीवर कापडछपाईचा छोटा कारखाना काढून दिला. तिथे द्युफी स्वतः ठसे कोरी, रंग घोटी आणि कापडावर छापून पाही. वर्षभरातच लियोंच्या बियांकिनी-फेरिए या रेशमाच्या पेढीने त्याला आपल्याकडे घेतले आणि १९२८ पर्यंत तो त्यांच्यासाठी नमुने काढत राहिला. हत्ती, घोडे, गुलाब, शिंपले, टेनिस खेळणारी मंडळी, काहीही त्याला चाले. अवनीला विचारा, ‘रिपीट’ बसवणे म्हणजे काय असते ते. एका चौकटीची डावी कड दुसऱ्या चौकटीच्या उजव्या कडेला अशी मिळावी लागते, की वारभर कापड उलगडले तरी डोळ्याला जोड सापडू नये. द्युफीच्या कापडात तो सापडत नाही. १९२५ च्या सजावटकलेच्या प्रदर्शनात प्वारेने सेन नदीत तीन मोठ्या नावा सजवल्या, त्यांपैकी एकीवर द्युफीचे चौदा छापील पडदे होते. त्याच सुमारास आर्तिगास या कॅटलान कुंभाराबरोबर त्याने फुलदाण्या आणि दिवाणखान्यात ठेवायच्या मातीच्या चिमुकल्या बागाही केल्या. (त्या बागा मला थोड्या लाडिक वाटतात.)

पण आपल्याला सांगायचे आहे ते एका भिंतीविषयी. १९३७ च्या जागतिक प्रदर्शनात वीज कंपनीच्या दालनासाठी त्याने ‘ला फे एलेक्त्रिसिते’, म्हणजे विजेची परी, हे चित्र केले. ते आता इथल्या शहराच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात वक्राकार भिंतीवर लावलेले आहे. उंची १० मीटर, लांबी ६० मीटर, प्लायवूडचे २५० तुकडे. आर्किमिडीजपासून एडिसन आणि क्यूरी दांपत्यापर्यंत शंभरावर शास्त्रज्ञ त्यात आहेत, मध्यभागी ऑलिंपस पर्वतावरचे ग्रीक देव आणि त्यांच्याखाली वीजकेंद्राची जनित्रे. हे सगळे त्याने भाऊ झाँच्या मदतीने जेमतेम वर्षभरात पुरे केले. जवळ जाऊन पाहिले की रंगांचे मोठमोठे पट्टे आधी घातलेले दिसतात, पिवळा, निळा, लाल, आणि माणसांच्या रेषा त्यांवरून आपल्याच मर्जीने धावतात. रेषा एकीकडे संपते, रंग दुसरीकडे. छपाईत एक ठसा रंगाचा आणि दुसरा रेषेचा असतो व ते तंतोतंत जुळले नाहीत तर जे होते, ते त्याने इथे जाणूनबुजून केले आहे. एवढी भिंत न घाबरता भरण्याची हिंमतसुद्धा त्याला, माझ्या मते, कापडानेच दिली असावी, कारण वारभर कापडाला मध्य नसतो आणि कड नसते.

‘सजावटी’ हा शब्द टीकाकारांनी त्याला शिवीसारखा वापरला. तरीही १९५२ च्या व्हेनिस बिएनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात चित्रकलेचा मोठा पुरस्कार त्यालाच मिळाला. तोवर संधिवाताने त्याची बोटे आखडली होती आणि पुढच्याच वर्षी तो वारला.

अवनीच्या पहिल्या सत्रातले नमुने घरी येतील तेव्हा ते टेबलावर न ठेवता दाराला लांब टांगून पाहावेत आणि जोड कुठे दिसतो का ते तिला सांगावे. आपली नजर त्या बाबतीत तिच्या शिक्षकांपेक्षा कमी कडक नाही. आईस सा. नमस्कार, अवनीस अनेक आशीर्वाद. तिच्यासाठी द्युफीच्या कापडांचे एक पुस्तक पोस्टाने धाडले आहे. ते आधी आपण चाळावे.

कळावे,
आपला आज्ञाधारक,
सुहास