सौर प्रकल्प उभे राहिले, फीडरचे काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतील प्रकल्पांच्या बातम्यांत मेगावॉट किती, जमीन किती एकर, भाडे किती हे सारे असते. ती वीज ज्या फीडरवरून, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनवरून, पंपापर्यंत जायची त्याबद्दल मात्र ओळही नसते. आमच्या मते घोडे पेंड खाते ते नेमके तिथे.

सौर आले की कोळसा कशाला, असे विचारले जाते, म्हणून आधी कोळशाचा हिशेब. सोलापूरजवळच्या आहेरवाडी-फताटेवाडीच्या एनटीपीसी औष्णिक केंद्रात ६६० मेगावॉटचे २ संच आहेत. एका युनिट विजेला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे पूर्ण क्षमतेने चालल्यास दिवसाला २० हजार टनांच्या पुढे. पाणी नियमाप्रमाणे युनिटमागे ३ लिटर धरले तरी रोजचे साडेनऊ कोटी लिटर, तेही उजनी धरणाचे, आणि सोलापूरच्या नळांना पाणी रोज येत नाही! तरीही 'आता पॅनेल आले, कोळशाचे केंद्र बंद करा' ही मागणी घाईची आहे. तिथली वीज ग्रीडमध्ये जाते आणि सूर्य मावळला की पॅनेल शून्यावर येतात. दुपारी सौर वीज भरपूर असताना संच ५५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३६३ मेगावॉटपर्यंत उतरवता आले पाहिजेत, हा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३चा नियम त्यासाठीच आहे. पुरेशी बॅटरी साठवण येईपर्यंत संध्याकाळ कोळशावरच निघणार. जिल्ह्याच्या हातात आज आहे तो दिवसाचा शेतीपंप.

सौर प्रकल्प ३३/११ केव्ही (हजार व्होल्ट) उपकेंद्राच्या ११ केव्ही बसला, म्हणजे जिथून फीडर निघतात त्या सामाईक पट्टीला, जोडलेला असतो. पॅनेलची वीज ग्रीडजोगी करणाऱ्या त्याच्या इन्व्हर्टरला ग्रीडचा व्होल्टेज दिसला तरच तो चालतो. ३३ केव्ही लाइन गेली की प्रकल्पही बंद, मग डोक्यावर कितीही ऊन असो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी हे आवश्यकच आहे. लाइन परत आल्यावरही इन्व्हर्टर मिनिटभर ते पाच मिनिटे थांबून, व्होल्टेज स्थिर असल्याची खात्री करूनच सुरू होतो. ५ मेगावॉटचा प्रकल्प भर दुपारी ४ हजार किलोवॉट देत असेल, तर तासभराच्या ट्रिपिंगमध्ये (लाइन बंद पडण्यात) ४ हजार युनिट बुडतात. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा ऊन सर्वांत जास्त, तेव्हाच वळवाच्या वाऱ्याने बाभळीची फांदी तारेवर येते किंवा झोळ पडलेल्या तारा एकमेकींना घासतात. म्हणून फांद्या तोडणे आणि झोळ ओढणे ही कामे मार्चअखेर व्हायला हवीत.

दुसरे दुखणे ऑटोस्विचचे, म्हणजे वीज येताच पंप आपोआप सुरू करणाऱ्या स्विचचे. १०० केव्हीएच्या डीपीची (शेतातल्या वितरण ट्रान्सफॉर्मरची) क्षमता सुमारे १३३ अँपिअर. तिच्यावर ५ एचपीचे १५ पंप असतील, तर प्रत्येकी साडेसात अँपिअरने ११२ होतात. डीपी निवांत चालते. पण प्रत्येक स्टार्टरला ऑटोस्विच असेल, तर वीज येताच पंधराही मोटारी एकदम उठतात. डीओएल (मोटार थेट लाइनला जोडणाऱ्या) स्टार्टरवर मोटार सुरू होताना सहापट करंट घेते. म्हणजे क्षणभर पावणेसातशे अँपिअर. मग फ्यूज उडतो. फ्यूजच्या जागी कुणीतरी जाड तार बांधलेली असते, त्यामुळे तो उडाला नाही तर डीपीचे वाइंडिंग जळते. अनेक डीप्यांवर एकाच वेळी असे घडले की अख्खा ११ केव्ही फीडर ट्रिप होतो. रात्रीच्या पाळीत पाणी द्यायला जाणे नको म्हणून ऑटोस्विच आले, हे समजण्यासारखे आहे. विंचू-सापाच्या वाटेने अंधारात कोण जाईल? पण वीज दिवसा मिळू लागल्यावर ते ठेवण्याचे कारण उरत नाही.

तिसरी गोष्ट कपॅसिटरची, आणि ती अभियंत्यांच्या बैठकीतही पुरेशी बोलली जात नाही. मोटारीला चुंबकत्वासाठी रिअॅक्टिव्ह पॉवर लागते; ती काम करत नाही, पण तारांवर भार टाकते. ती जितकी जास्त तितका पॉवर फॅक्टर १ पेक्षा कमी. समजा फीडरांवर ३ मेगावॉटचे पंप ०.८ पॉवर फॅक्टरने चालले आहेत. त्यांना सव्वादोन एमव्हीएआर (रिअॅक्टिव्ह पॉवरचे माप) एवढी ही पॉवरही लागते. सौर प्रकल्प युनिटी (१) पॉवर फॅक्टरवर ठेवला असेल, तर तो ३ मेगावॉट देतो, पण ही सव्वादोन एमव्हीएआर लांबून ३३ केव्ही लाइनवरूनच ओढली जाते. उपकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर जवळजवळ एकही युनिट पुढे देत नसताना करंट मात्र वाहतो, टोकाच्या पंपाला व्होल्टेज मिळत नाही आणि 'सौर आल्यापासून व्होल्टेज नाही' अशी ओरड होते. दोष पॅनेलचा नसतो.

उपाय स्वस्त आहे: ३ एचपीला १, ५ एचपीला २ आणि साडेसात एचपीला ३ केव्हीएआरचा कपॅसिटर; तो ही रिअॅक्टिव्ह पॉवर मोटारीजवळच पुरवतो. ५ एचपीच्या मोटारीचा करंट साडेसात अँपिअरवरून साडेसहाच्या आत येतो. मात्र तो स्टार्टरच्या मोटारीकडच्या बाजूला, काँटॅक्टरनंतर (मोटार चालू-बंद करणाऱ्या भागानंतर) जोडावा, म्हणजे मोटार बंद झाली की तोही सुटतो. लाइनच्या बाजूला जोडला तर रात्रभर चालू राहतो, कमी भाराला व्होल्टेज वाढवतो आणि शेवटी फुगून फुटतो. मग 'कपॅसिटरने मोटार जळते' ही समजूत गावभर होते. शिवाय उपकेंद्रातील कपॅसिटर बँक चालू स्थितीत हवी आणि प्रकल्पाच्या इन्व्हर्टरला ०.९५पर्यंत रिअॅक्टिव्ह पॉवर देण्याची सेटिंग करून घ्यावी. ३ मेगावॉटला त्यातून जवळपास १ एमव्हीएआर मिळते.

पावसाळ्यात नेमके उलटे होते. पंप बंद आणि मध्येच कडक ऊन पडले की ११ केव्हीचा व्होल्टेज चढतो, १२च्या पुढे गेला की इन्व्हर्टर सुटू लागतात. उन्हाळ्यातल्या कमी व्होल्टेजसाठी वर ठेवलेला ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोय) जूनमध्ये खाली आणायचा राहून जातो, एवढेच त्याचे कारण असते.

पॅनेलबद्दल थोडेच. तीसहून अधिक साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात गाळप हंगामात बगॅसची (जळणाऱ्या उसाच्या चिपाडाची) काजळी पॅनेलवर चिकटून बसते; ती नुसत्या फडक्याने निघत नाही. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरले तर पांढरे डाग पडतात. तापलेल्या काचेवर दुपारी थंड पाणी मारू नये, काच तडकते. धुणे पहाटेच उरकावे.

प्रकल्प ज्या गावात होतो तिथल्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे ३ वर्षे मिळतात. त्यातला काही भाग कपॅसिटरसाठी वापरायला शासनाने मुभा द्यावी. आणि ३३ केव्ही किती तास बंद होती, सौर प्रकल्पाचे अंदाजे किती युनिट त्यात बुडाले, हे प्रत्येक उपकेंद्राच्या फाटकावर दरमहा लिहावे. ऑपरेटरच्या लॉगबुकात या वेळा असतातच. त्या फक्त फळ्यावर उतरवायच्या आहेत.

आपले,
वीज वितरण व सौर क्षेत्रात काम करणारे काही तंत्रज्ञ,
सोलापूर